देवाला वाईट वाटतं

लहानपणापासून माझा देव रागीट होता. तो तसा आहे असं मला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. वडील मिशनच्या दवाखान्यात स्वयंपाकी होते. स्वभावाने कडक, पण बोलणं कमी. आम्हा भावंडांचं काही चुकलं की ते बोट छताकडे करत आणि एवढंच म्हणत, "वरून पाहून राहिला तो." बस्स. त्यानंतर जेवण गोड लागायचं नाही. रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं, छताच्या कवेलूंमधून कुणीतरी डोळे वटारून खाली बघतंय. पुढे मी नर्सिंग केलं आणि तुमसर तालुक्यात एका आरोग्य उपकेंद्रावर लागले. लोक मला 'सिस्टर' म्हणू लागले आणि त्या हाकेबरोबर रागावण्याचा हक्कही आपोआप मिळाला. पथ्य न पाळणारे, लसीकरणाला लेकरू न आणणारे, गोळ्या फडताळात ठेवून विसरणारे, सगळ्यांवर मी आवाज चढवायची. त्यांच्या भल्यासाठीच ते होतं. देवही असाच असणार, असं मला तेव्हा अगदी सरळ वाटे.

माझा भाऊ दानिएल माझ्याहून बराच लहान. घरात आम्ही त्याला दानू म्हणतो. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. बारावीला असताना आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आमची मंडळी लहान, तुमसरात मोजकीच ख्रिस्ती घरं आहेत, पण सगळ्यांनी आईसाठी उपास केले, साखळी प्रार्थना धरली. सगळ्यांत जास्त प्रार्थना दानूने केली. तो आईच्या खाटेजवळ गुडघे टेकून बसायचा आणि उठायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अशी खात्री असायची की मला त्याच्याकडे बघवायचं नाही. कारण मी रिपोर्ट वाचले होते. आई गेली. मातीच्या दिवशी दानू रडला नाही. पुढच्या रविवारी मी त्याला उपासनेला उठवायला गेले तर तो पांघरूण न काढता म्हणाला, "मी नाही येत."

मला वाटलं, दुःख आहे, जाईल. पण ते गेलं नाही. तो शिकणं सोडून गाड्यांवर जाऊ लागला. आधी ट्रॅक्टर, मग टेम्पो, मग नाकाडोंगरीकडच्या मॅंगनीज खाणीवर एका ठेकेदाराचा डंपर. माझं लग्न झालं नव्हतं, घरात आम्ही दोघंच. दर रविवारी आमचं भांडण व्हायचं. मी त्याला आज्ञाभंगाबद्दल सांगायची, देवाच्या न्यायाबद्दल सांगायची. तो चहा पीत ऐकून घ्यायचा. एकदाच त्याने उत्तर दिलं. मी म्हणाले होते, "देव सगळं पाहतो, दानू." तो म्हणाला, "पाहू दे. आईच्या वेळीबी पाहतच होता." मी त्या दिवशी न जेवता ड्युटीवर गेले.

मग त्याला खोकला लागला. मी स्वतः त्याची थुंकी तपासायला दिली आणि क्षयरोग निघाला. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. गोळ्या नियमाने घेतल्या की माणूस बरा होतो, हे मी शेकडो जणांना सांगितलेलं. दानूने सुरुवातीला गोळ्या घेतल्या. वजन वाढलं, तोंडावर तेज आलं. आणि एक दिवस त्याचा पलंग झाडताना गादीखाली गोळ्यांची पाकिटं सापडली, न फोडलेली. अर्धवट सोडलेला क्षय कसा उलटतो ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या संध्याकाळी मी त्याला जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. शेवटचं तेवढं लिहिते, कारण तेच त्याच्या बरोबर गेलं. मी म्हणाले, "तू देवाचं ऐकत नाहीस, डॉक्टरचं ऐकत नाहीस, माहं ऐकत नाहीस. आता जे होईल ते तुह्या कर्माचं. मी हात झटकले."

त्याने पिशवी भरली आणि खाणीकडे राहायला गेला. फोन उचलेना. मी दोनदा त्याच्या ठेकेदाराच्या ऑफिसपर्यंत जाऊन आले. पहिल्यांदा तो भेटला नाही. दुसऱ्यांदा कळलं की खोकला बघून ठेकेदाराने त्याला कामावरून काढलं आहे आणि तो कुठे गेला ते कुणाला ठाऊक नाही. मी प्रार्थना करत राहिले, पण खरं सांगायचं तर त्या प्रार्थनेत तक्रारच जास्त होती. हे प्रभू, याला ताळ्यावर आण. याला दाखव. माझ्या मनात देव आणि मी एका बाजूला होतो आणि दानू एकटा दुसऱ्या बाजूला.

असे बरेच महिने गेले. उन्हाळा लागला. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आमच्या पाळकांनी संदेशासाठी बायबलमधला तो भाग घेतला, ज्यात प्रभू येशू यरुशलेमाजवळ येतो, नगर दिसतं आणि तो रडतो. भोवती लोक जयजयकार करत आहेत आणि हा रडतो आहे. पाळक म्हणाले, ज्या नगराने त्याचं ऐकलं नाही, ज्याने त्याला ओळखलं नाही, त्याच्यासाठी हे रडणं होतं. त्यांना पंखाखाली घ्यावं असं त्याला कितीदा वाटलं होतं, आणि त्यांना ते नको होतं. मला हा भाग कधी आवडला नाही. देवाने रडावं हे मला कमीपणाचं वाटे. ज्याच्या हातात सगळं आहे त्याने हुकूम करावा, नाही ऐकलं तर शिक्षा करावी. रडणं आपल्यासारख्यांचं काम. मी झावळी हातात धरून बसले होते आणि मनातल्या मनात पाळकांशी भांडत होते.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी, म्हणजे उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, मी पांढरी साडी नेसून तयार होत होते. त्या दिवशी दुपारी आमच्याकडे मोठी उपासना असते. प्रभूने वधस्तंभावरून उच्चारलेले सात शब्द वेगवेगळी माणसं वाचतात आणि त्यातला एक दरवर्षी माझ्याकडे असतो. इतक्या वर्षांत मी ती उपासना चुकवली नव्हती. फोन वाजला. अनोळखी नंबर. एक तरुण बोलत होता, दानूच्या बरोबर डंपरवर असायचा तो. "ताई, दानूभाऊ आमच्या टोल्यावर आहे. लई बिमार आहे. माही मावशी पाहून राहिली त्याले. तो म्हणते कोणाले सांगू नको, पण मावशी म्हणाली सांग." नाकाडोंगरीच्या पुढे जंगलात त्यांचा टोला, थोड्या घरांची वस्ती, कुठे आहे ते त्याने सांगितलं आणि रेंज गेली.

मी पाळकांना फोन केला. वाचायला येऊ शकत नाही असं सांगताना माझा आवाज अपराध्यासारखा झाला. मला वाटलं ते म्हणतील, उपासना झाल्यावर जा. ते म्हणाले, "जा बाई, आत्ताच निघ. तुझा भाग मी वाचतो."

एसटीत बसल्यापासून मी दानूला काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. मी तुला सांगितलं होतं की नाही, इथून सुरुवात. पुढे वाक्यामागून वाक्यं तयार होत गेली आणि प्रत्येक वाक्य खरं होतं. नाकाडोंगरीला उतरून एका ऑटोने थोडं अंतर नेलं आणि पुढे रस्ता खराब आहे म्हणून सोडून दिलं. तिथून चालत निघाले. मोहाचा हंगाम होता. झाडांखाली पाला जाळून जमीन काळी केलेली आणि त्यावर पिवळसर फुलांचा सडा. बाया टोपल्या घेऊन वेचत होत्या. पांढरी साडी, खांद्याला दवाखान्याची पिशवी, उन्हात भराभर चालणारी बाई बघून त्यातल्या एकीने विचारलं, "कोणाकडे चालली, सिस्टर?" मी टोल्याचं नाव सांगितलं. "तो बिमार डायवर? शेवंताबाईच्या घरी आहे. तिकडून वळ, निळा झेंडा दिसन."

निळा झेंडा दिसला. त्याच्या पलीकडे बांबूच्या कुडाचं कुंपण असलेलं एक घर होतं. फाटक लोटणार तोच आतून आवाज आला म्हणून मी थांबले.

ओसरीत खाटेवर दानू होता. मी त्याला पाठमोराच पाहिला, आणि नर्स असूनही क्षणभर मला ओळख पटली नाही, इतकी पाठ वाळली होती. तोंड भिंतीकडे. खाटेच्या कडेला एक म्हातारी जमिनीवर बसली होती, हातात भाताच्या पेजेची वाटी. ती म्हणत होती, "बाबू, एक घोट घे. काल बी नाई घेतलं तू." तो हलला नाही. "बरं, अर्धा घोट घे. मी तुले काही म्हणून राहिली का? गोळ्याचंबी नाई म्हणत, दवाखान्याचंबी नाई म्हणत. फक्त घोट घे." तो म्हणाला, "माय, जा ना तू." आवाज ओढल्यासारखा. ती गेली नाही. तिने चमचा भरला, त्याच्या तोंडाजवळ नेला, तो कोरडाच परत आणला. पदराने डोळे पुसले. आणि पुन्हा चमचा भरला.

मी कुंपणाबाहेर उभी होते. ती म्हातारी त्याची कुणी नव्हती. तिच्या ओसरीच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि बाबासाहेबांची. दानूने तिचं ऐकावं असा तिचा कसलाच हक्क नव्हता. आणि तरी तो ऐकत नाही म्हणून ती रडत होती. त्या रडण्यात राग शोधूनही सापडला नसता. अपमान झाल्याचंही काही नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की हा जगू शकतो आणि हा नको म्हणतोय.

पाळकांनी रविवारी सांगितलेलं सगळं त्या वेळी माझ्यासमोर उभं राहिलं. आवाज आला नाही, उजेड पडला नाही. असं काही झालं असतं तर मी तेही सांगितलं असतं. फक्त, जे मी चाळीस वर्षं ऐकत आले होते ते मला पहिल्यांदा दिसलं. यरुशलेमाकडे बघून रडणारा माझा प्रभू असाच रडला असेल. आपलं चाललं नाही म्हणून तो रडला नाही. त्यांचं काय होणार आहे ते त्याला दिसत होतं, म्हणून रडला. आणि त्याच्या बाजूला उभी आहे असं समजणारी मी आजवर कधी त्याच्या बरोबर रडले नव्हते.

मी फाटक लोटून आत गेले. म्हातारीने वर पाहिलं. "तू त्याची ताई का?" मी मान हलवली. ती उठून वाटी माझ्या हातात द्यायला लागली. मी दानूच्या खाटेच्या पायथ्याशी बसले. एसटीत जुळवलेल्या वाक्यांतलं एकही वाक्य आठवेना. त्याचे पाय चादरीबाहेर होते, घोटे तेवढे मोठे दिसत होते. मी त्यांच्यावर हात ठेवला आणि मला रडू कोसळलं. आई गेली तेव्हा मी रडले होते, पण असं नाही.

दानूने हळूहळू तोंड वळवलं. म्हणाला, "बोल ना, ताई. बोलून घे."

"काय बोलू?"

"तू बोलते ते."

"मले काहीच येऊन नाही राहिलं, दानू."

तो घाबरल्यासारखा दिसला. माझ्या बोलण्याची त्याला सवय होती, त्यासाठी तो पाठ करून तयार होता. याची सवय नव्हती. तो म्हणाला, "मी गोळ्या फेकल्या. बरं वाटून राहिलं होतं म्हणून नाही फेकल्या. मले वाटलं, आईसाठी एवढं केलं त्याचं काही झालं नाही, मग मी काहून जगू." एवढं बोलल्यावर त्याला खोकल्याची उबळ आली. म्हातारीने राखेचं टोपलं पुढे केलं. रक्त आलं. थोडं नव्हतं.

मग मी पुन्हा नर्स झाले. त्याला एका कुशीवर वळवलं, तोंडाला रुमाल बांधला, स्वतःच्या तोंडाला बांधला, शेवंताबाईंनाही पदर बांधायला लावला. त्याला तातडीने भंडाऱ्याला जिल्हा रुग्णालयात हलवायला हवं होतं. मोबाइलला रेंज नव्हती. फोन करणारा तो शेवंताबाईंचा भाचा सकाळीच मोटरसायकल घेऊन कामावर गेलेला. टोल्यावर दुसरी गाडी नव्हती, बैलगाडीने नाकाडोंगरीला न्यायचं म्हटलं तरी उन्हात तो टिकला नसता. मी ओसरीत उभी राहून प्रार्थना केली. शब्द आठवतात, कारण फार थोडे होते. "प्रभू, हा तुझा आहे. माझ्या हातात काही नाही." अशी प्रार्थना मी आधी कधी केली नव्हती. माझ्या प्रार्थनांत देवाने काय करावं याच्या सूचना असायच्या.

शेवंताबाई म्हणाल्या, "मी सडकेवर जाऊन पाह्यते." मी म्हणाले, "माय, एवढ्या उन्हात कोण येणार आहे?" त्या गेल्या.

त्या परत आल्या त्या एका पिकअप गाडीच्या पुढे चालत. मोहफुलं विकत घेत फिरणाऱ्या व्यापाऱ्याची गाडी. ड्रायव्हर वैतागलेला होता. त्याला पलीकडच्या दुसऱ्या गावाला जायचं होतं, फाट्यावर चुकीचं वळण घेतलं आणि या टोल्यावर येऊन थडकला, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. खाटेवरच्या दानूला आणि टोपल्यातलं रक्त बघून तो मागे सरला. "सिस्टर, मले लेकरंबाळं आहेत. हा रोग मी नाही नेत." मी त्याला समजावणार होते की उघड्या गाडीत मागे ठेवलं तर धोका कमी असतो. पण माझ्या आधी शेवंताबाईंनी त्याचे दोन्ही हात धरले. "बापू, माह्या लेकाले घेऊन चाल. एक लेक माहा असाच गेला. दारू सोड म्हणून मी त्याच्या पाया पडली होती, नाई ऐकलं त्यानं. याले तरी वाचव." ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग मागची पोती एका बाजूला लोटायला लागला.

पोत्यांवर गोधडी टाकून आम्ही दानूला निजवलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर. शेवंताबाईही चढत होत्या, मी त्यांना हात जोडून खाली थांबवलं. गाडी निघाली तेव्हा त्या कुंपणाला धरून उभ्या होत्या. गाडीभर मोहाचा गोड, उग्र वास होता. दानूचे डोळे मिटलेले, मी त्याची नाडी धरून. तुमसर जवळ आलं तेव्हा लक्षात आलं की आता मंडळीत उपासना संपत असेल, प्रभूने आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवला तो शेवटचा शब्द कुणीतरी वाचत असेल. मला उपासना चुकल्याचं वाईट वाटलं नाही.

पिकअपवाल्याने आम्हाला भंडाऱ्यापर्यंत नेलं. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. नंतर मी त्या टोल्यावर, नाकाडोंगरीत चौकशी केली, पण तो नेहमीचा व्यापारी नव्हता. मी यावर अधिक काही म्हणत नाही. वाट चुकलेले ड्रायव्हर आपल्या जंगलात रोज असतात. त्या दिवशी त्यातला एक आमच्या दारात चुकला, आणि मी त्यासाठी देवाचे आभार मानते.

ईस्टरच्या सकाळी मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर होते. डॉक्टरांनी सांगितलं की एक फुप्फुस बरंच खराब झालं आहे, साध्या गोळ्यांना आता जंतू दाद देत नाहीत, उपचार लांबणार आणि जड जाणार. तसंच झालं. नवीन औषधांनी त्याला उलट्या होत, कान वाजत, झोप उडे. कित्येकदा तो वाटी ढकलून द्यायचा. माझा आवाज चढायचा, चढला की मला ओसरीतला तो चमचा आठवायचा आणि मी खाली यायची. प्रत्येक वेळी जमलं असं नाही. एकदा तो म्हणाला, "ताई, मी पुन्हा सोडल्या तर?" मी जरा विचार करून म्हणाले, "तर मी पुन्हा येईन." त्याने गोळी घेतली.

त्या लांब दिवसांत मला बसून विचार करायला वेळ मिळाला. देवाचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. पापाचं फळ असतं, आणि दानूच्या फुप्फुसाचा फोटो मी उजेडाला धरून पाहिला आहे. पण त्या रागाच्या आत काय आहे हे मला माहीत नव्हतं. आपण ऐकलं नाही की देवाचं काही अडत नाही, त्याचं सिंहासन हलत नाही, म्हणून त्याला काही वाटतही नसणार, असं मी धरून चालले होते. आता मला वाटतं, ज्याचं काही अडत नाही आणि तरीही जो रडतो, त्याचं प्रेम किती असेल. आपण पाठ फिरवतो तेव्हा तो बोट उगारत नाही, खाटेशी बसून राहतो. मी कितीदा माझ्याच हट्टात भिंतीकडे तोंड करून पडले असेन. वेळेवर उपासना, दशांशाचं दान, उपास सगळं नीट करून त्याच्या मनात काय आहे हे एकदाही न विचारणं, हाही आज्ञाभंगच आहे. दानूचा अविश्वास सगळ्यांना दिसत होता. माझा शुभ्र साडीत झाकला गेला होता.

दानूला सुट्टी मिळाल्यावर, भात कापणीच्या दिवसांत मी त्या टोल्यावर गेले. शेवंताबाईंची तपासणी मी आधीच करून घेतली होती, त्या सुखरूप होत्या. मी एक लुगडं नेलं होतं. त्यांनी ते मांडीवर ठेवलं, उलगडून पाहिलं नाही. म्हणाल्या, "जेवते ना तो आता?" मी म्हणाले, "जेवतो. भाकर मागून घेतो." त्या हसल्या आणि मला चहा ठेवायला उठल्या. त्यांनी ओसरीत बसून काय केलं आणि त्यातून मला काय मिळालं हे मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. येशूबद्दल सांगितलं, नगरासमोर तो कसा रडला ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "तोबी माय-बापावानीच असन मग," एवढं म्हणून त्यांनी चहा गाळला.

दानू आता एका धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर बसतो. जड काम त्याला जमत नाही. तो विश्वासात परत आला का, असं मंडळीतली माणसं मला विचारतात. नाही आला. दर रविवारी तो मला मोटरसायकलवर प्रार्थनामंदिराच्या फाटकापर्यंत सोडतो आणि समोरच्या टपरीवर चहा घेत थांबतो. मी त्याला आत चल म्हणत नाही. कधीकधी परत जाताना तो विचारतो, "आज काय सांगतलं?" मी सांगते, तो गाडी चालवत ऐकतो.

मागच्या झावळ्यांच्या रविवारी पाळकांनी पुन्हा तोच भाग घेतला. बाहेर आल्यावर दानूने विचारलं आणि मी सांगितलं, लोकांनी ऐकलं नाही म्हणून प्रभू रडला. तो गाडीला किक मारायला उभा राहिला होता, तसाच थांबला. मग खालीच बघत म्हणाला, "आई गेली तेव्हा रडला असन का तो?"

इतक्या वर्षांत त्याने मला देवाबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न होता. आधीची मी असते तर देवाच्या इच्छेबद्दल, त्याच्या योजनेबद्दल बरंच काही बोलले असते. मी म्हणाले, "मले वाटते, रडला असन. तू त्याच्यापासून उठून गेला तेव्हाबी रडला असन."

दानूने बाहीने तोंड पुसलं, मला बसायला खूण केली आणि आम्ही घरी आलो. त्या दुपारी तो आईच्या फोटोसमोर थोडा वेळ उभा होता. मी स्वयंपाकघरातून पाहिलं आणि आत निघून गेले.

पूर्वी मी देवाला सांगायची, याला वळव. आता सकाळी उठल्यावर दानूचं नाव घेते आणि हात उघडे ठेवते. दानू देवाचा आहे, माझ्याही आधीपासून. तो आत येईल की नाही, कधी येईल, हे मला कळत नाही, आणि ते मला कळलंच पाहिजे असा हट्टही उरला नाही. वाट पाहणारी मी एकटी नाही, एवढं मला त्या ओसरीत दाखवलं गेलं. माझ्याहून कितीतरी जास्त तो दानूची वाट पाहतो आहे. त्याच्या शेजारी बसायला मला जागा दिली, यासाठी मी प्रभूची ऋणी आहे.